वरचं बटण

टक्. मग जरा थांबून पुन्हा, टक्. दुपारच्या त्या घरात दुसरा आवाज नव्हता. ठकी झोपली आहे असं धरून मी ओट्याला टेकून, ओठ न हलवता, संध्याकाळचं भाषण मनातल्या मनात म्हणत होते, आणि ‘त्या दिवशी सकाळी’ इथपर्यंत आले होते. पुढचं वाक्य गेलं. शंभरदा म्हटलेलं वाक्य, पण जिथं असायला हवं तिथं ते नव्हतंच, जिन्याची एक पायरी कुणी काढून नेल्यासारखं. आवाज ओळखीचा होता. कारखान्यात दिवसभर तोच तर चालू असतो, लोहचुंबकाच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटल्याचा. पण घरात तो आवाज असायचं काही कारण नव्हतं. घरात मी नमुने आणत नाही. ओला हात फडक्याला पुसत मी आतल्या खोलीत गेले, तर ठकी कपाटापुढं जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि मांडीवर तो फिकट निळा शर्ट.

“झोपली होतीस ना तू?”

“झोपून झालं.”

“कुठून काढलास हा?”

“चादरींच्या खालून. आजोबांचा आहे ना?”

“हो.”

तिनं कॉलरला नाक लावलं. सहा वर्षांची आहे, पण वास घेताना म्हातारीसारखे डोळे मिटते. “मग याला आजोबांचा वास का नाही?”

“धुतलाय म्हणून,” मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मला माझंच नवल वाटलं नाही. तिनं मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. सगळ्यांत खालची चकती, टक्. तिच्या वरची, टक्. जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेली. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला घड्याळ दिसत होतं. अडीच वाजले होते. पाच वाजता मला सभागृहात उभं राहायचं होतं.

हा शर्ट कुणी कधी घातलेला नाही. ही गोष्ट जगात तिघांना ठाऊक होती, त्यातले एक आता नाहीत. उरलो मी आणि आई. आणि आईनं सकाळी फोन करून सांगितलं होतं, “आज मी येणार आहे हं. नाही म्हणू नकोस. शेजारच्या सूनबाई तुझं भाषण ऐकून रडल्या म्हणे. सगळ्या जगानं ऐकलं, पोटच्या पोरीचं मी तेवढी ऐकायची राहिले.” मी म्हणाले, अगं, खुर्च्या टणक असतात तिथल्या, तुझी कंबर. ती म्हणाली, “उशी घेऊन येते.” उशीपुढं माझं कंबरेचं कारण टिकलं नाही.

मी कपडे शिवते. म्हणजे आता मी शिवत नाही, सात जणी शिवतात आणि मी कटिंग बघते, हिशेब बघते, बोलते. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी कपडे. बटणपट्टीवर बटणं दिसतात, काजं दिसतात, सगळं चारचौघांच्या शर्टासारखं. पण बटण नुसतं वर टाचलेलं असतं आणि आत दोन चकत्या असतात. काठाला काठ नेला की झालं. हृदयात यंत्र बसवलेल्यांना आम्ही हे देत नाही, त्यांच्यासाठी चिकटपट्टी. पहिल्या वर्षी मी हे सगळं लोकांना नीट समजावून सांगायची. धंदा वाढवायचा तर बोललं पाहिजे, असं ज्याला त्याला म्हणताना ऐकत होते, म्हणून बोलायला गेले. कापडाचं वजन, चकतीची ओढ, किती धुण्यांनंतर किती कमी होते, शिवणीची आतली बाजू कातडीला का लागू नये. एका मंडळात अकरा माणसं होती. दोन झोपली, एक उठून गेला तो आलाच नाही. शेवटी एका आजोबांनी हात वर केला. मला वाटलं प्रश्न. त्यांनी विचारलं, पंखा जरा कमी होईल का.

त्यानंतर मी भाषणवाल्या सरांकडं गेले. गाडी शिकवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी सकाळी त्यांचा वर्ग असायचा. खालून सतत कुणीतरी गाडी बंद पाडत असायचं आणि वर आम्ही नऊ जण आपापली गाडी सुरू करायला बसलेलो. एक दातांचे डॉक्टर, एक पाण्याची यंत्रं विकणारे, एक घरातले ढेकूण मारणारे. ढेकूणवाले फार चांगलं बोलायचे, पण त्यांचं बोलणं ऐकलं की सगळे खाजवायला लागायचे. सर त्यांना म्हणाले, “तुम्ही ढेकणांवर बोलू नका. झोपेवर बोला. माणसाला सगळ्यांत शांत झोप कधी लागली होती, तिथून सुरू करा.” वर्षाच्या आत ते झोपेवर बोलणारे म्हणून नावारूपाला आले, त्यांना शाळेतून बोलावणी येतात, आणि भाषणाच्या शेवटी एकच वाक्य ढेकणांचं असतं. सरांचं म्हणणं एवढंच, की दुकान सगळ्यांसाठी असतं, भाषण एकासाठी. जो सगळ्यांशी बोलतो तो कुणाशीच बोलत नाही. आपला कोपरा शोधा. एवढासा. एक माणूस उभा राहील इतका. मग तिथून हलू नका, लोक आपण होऊन त्या कोपऱ्यात येतील.

गृहपाठ असा होता: ज्यावर दिवसभर न थकता बोलता येईल अशा दहा गोष्टी लिहायच्या आणि नऊ खोडायच्या. ठकीला पाळणाघरातून आणायच्या आधीचा अर्धा तास माझ्याकडं होता, तो मी त्यात घातला. कापड खोडलं, चुंबक खोडला, बायकांना काम मिळतं ते खोडलं, आई होऊन धंदा करणं खोडलं, ते तर सगळ्याच जणी बोलतात. खाली राहिलं ‘बाबांची बटणं’. शनिवारी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले की माझे बाबा नकाशे काढायचे, चाळीस वर्षं, हात असा की पट्टी बाजूला ठेवून सरळ रेघ ओढतील. त्यांना झटका आला, उजवा हात गेला, आणि एक दिवस मी पाहिलं की त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मग मी तो शर्ट शिवला. एवढंच. खाली गाडी बंद पडली, पुन्हा सुरू झाली. वर कुणी खाजवत नव्हतं.

“मिळाला,” सर म्हणाले. “कोपरा मिळाला. कपड्यांवर बोलायचं नाही. बटणावर बोलायचं. एकाच बटणावर, एकाच माणसाच्या. आता सांगा, तुम्ही शर्ट दिलात. त्यांनी घातला. काय म्हणाले?”

मी हातातला गृहपाठाचा कागद दुमडला.

“काहीतरी म्हणाले असतीलच ना?”

सगळे माझ्याकडं बघत होते. दातांचे डॉक्टर तर थोडे पुढं झुकले होते. मला आठवतं, खोलीत नव्या रंगाचा वास होता आणि फळ्यावर मागच्या वर्गाची एक डावीकडं वळलेली गाडी तशीच राहिली होती. मी म्हणाले, “म्हणाले, आता मी तयार.” सरांनी ती गाडी पुसली आणि तिथं ते लिहिलं. आता मी तयार. खडूत लिहिलेलं वाक्य खोटं वाटत नाही. ते मी लहानपणापासून बघत आले आहे, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं.

मग त्यांनी बाकीचं शिकवलं. बटण लावायची कृती हातानं करून दाखवा, पण पोटापाशी नको, मागच्या रांगेला दिसत नाही. गळ्यापाशी करा, वरचं बटण. वर हात नेला की माणसाची मान आपोआप ताठ होते, बघणाऱ्याचीही होते. आणि ते वाक्य म्हणायच्या आधी थांबा. मनात तीन अंक मोजा. दोनला लोक तुमच्याकडं बघतात, तीनला स्वतःच्या बापाकडं. मी मोजायला शिकले. इतकी शिकले की घरीही मोजायला लागले. एकदा नवऱ्याला सांगत होते की आपल्याला मोठी जागा बघावी लागेल, आणि सांगायच्या आधी थांबले, तर तो ताटावरून मान वर करून म्हणाला, “काय गं, टाळ्या वाजवू का? हात उष्टा आहे.” आम्ही दोघंही हसलो. पण त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, दाढी करता करता त्यानं आरशातूनच विचारलं, “बाबा खरंच असं म्हणाले होते?” तो तेव्हा कामासाठी बाहेर असायचा, त्याला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “म्हणजे काय!” हे तर उत्तर नाही. पण आपल्याकडं ते उत्तर म्हणून चालतं.

दीड वर्षात ते वाक्य मी किती ठिकाणी म्हटलं त्याची गणती नाही. बोलावणी येत गेली. ‘बटणवाल्या बाई’ असं लोक म्हणायला लागले. तीन जणींच्या सात जणी झाल्या. कटिंग करणाऱ्या मावशींना मुलीला शिकायला बाहेर पाठवता आलं, त्या एकदा कात्री चालवता चालवता म्हणाल्या, “तुमच्या बाबांचे उपकार बघा, गेले तरी घर चालवतात.” वाक्य आता डब्यांवर छापलेलं असतं, पिशव्यांवर असतं, कॉलरच्या आतल्या पट्टीवरही असतं. आईकडं मी ती पिशवी कधी नेली नाही. एकदा विसरून नेली, तर दारातच आतली बाजू बाहेर काढून उलटी केली. आई म्हणाली, “उलटी का गं?” मी म्हणाले, खराब होऊ नये म्हणून.

बाबांची बटणं खरं म्हणजे लागत होती. हेच तर आहे. पंचवीस मिनिटं लागायची, पण लागायची. सकाळी आंघोळ झाली की ते खिडकीपाशी त्या हात नसलेल्या खुर्चीवर बसायचे. शर्ट आई घालून द्यायची, उजवी बाही आधी, मग डावी. तेवढं त्यांनी तिला दिलं होतं. बटणं नाही. डाव्या हातानं सगळ्यांत खालच्या बटणापासून सुरुवात करायचे. वरून लावत आलं की शेवटी एक काज जास्त उरतं, सगळं सोडा आणि पुन्हा लावा. खालून काठाला काठ जुळवून निघालं की चुकायची सोय नाही. नकाशा काढणाऱ्या माणसाचा तो विचार होता. पाया आधी. अंगठ्यानं बटण ढकलायचं, मधल्या बोटानं काज ओढायचं, ते निसटायचं, पुन्हा. कपाळाची एक शीर दिसायला लागायची. आणि आई समोर बसलेली असायची, पलंगाच्या कडेवर, दोन्ही हात मांडीवर एकात एक घालून. काही करायची नाही. बोलायचीही नाही, आज काय करू, बिल भरायचंय, काहीच नाही. दूध उतू गेलं तरी उठायची नाही. मला वाटायचं, किती निर्दयपणे बसते ही. मी एकदा न राहवून पुढं झाले आणि तिसरं बटण लावून टाकलं. बाबांनी ते बटण काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या मांडीवरच्या बोटांची टोकं पांढरी झालेली मला तेव्हा दिसली. मदत न करणं हे तिचं रोजचं काम होतं, आणि ते त्या घरातल्या कुठल्याही कामापेक्षा जड होतं.

ठकी तेव्हा चारची नव्हती. ती बाबांच्या गुडघ्याशी उभी राहून मोजायची. एक. मग फार वेळ. दोन. मग इकडंतिकडं हुंदडून यायची. तीन. सातवं लागलं की बाबा तिच्या नाकाला हात लावायचे, आठवं म्हणून. त्यांची वाचा अडखळायची, शब्द चिखलातून पाय काढल्यासारखे निघायचे, म्हणून ते सहसा बोलायचेच नाहीत. ‘आता मी तयार’ एवढं सलग वाक्य म्हणायला त्यांना एखादं मिनिट लागलं असतं.

शर्ट मी दोन महिने खपून शिवला होता. नळाखाली भांडी तशीच ठेवून, ठकी झोपली की मशीनखाली टॉवेल घालून, आवाज कमी व्हावा म्हणून. दिला तेव्हा त्यांनी तो डाव्या हातानं उलगडला, काठ जवळ नेले, टक्. लांब केले. टक्. दोन-तीनदा केलं. माझ्याकडं पाहून हसले, खरंच हसले, आणि फार वेळ घेऊन म्हणाले, “छान... झालाय. ठेव.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. ते खिडकीपाशी बसले होते, अंगात जुना पांढरा, तिसऱ्या बटणावर आलेले. निळा शर्ट खुंटीवरही नव्हता. आई म्हणाली, “ठेवलाय गं जपून. नंतर घालतील.” पुढं व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि त्यांच्या दुसऱ्या एका पेशंटसाठी तसा मागितला. धंदा तिथून सुरू झाला. मी तो शर्ट परत मागून आणला, नमुना म्हणून. बाबांनी नंतर घातला नाही. गेले त्या दिवशी सकाळी त्यांची चार बटणं लागली होती.

हे भाषण होऊ शकत नाही. मी करून पाहिलं, एकदा, आंघोळीच्या वेळी, नळ सोडून. माझ्या बाबांनी माझा शर्ट घातला नाही, कारण त्यांना बटणं लावायची होती. तेव्हा तुम्ही आमचे शर्ट घ्या. मला हसू आलं. साबण डोळ्यात गेला.

सभागृहात साठ-सत्तर खुर्च्या होत्या, निम्म्याहून जास्त भरलेल्या. शहरातल्या शुश्रूषागृहांची वार्षिक सभा. खरेदीच्या बाई पहिल्या रांगेत, मांडीवर वही, पेनाचं टोपण तोंडात. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “कपडे चांगले असतील हो, पण आमच्या लोकांच्या मनात आधी भरायला पाहिजे. तुम्ही बोला, मग नमुने.” बावीस शुश्रूषागृहं. मावशींनी निघताना माझ्या खांद्यावरचा दोरा काढला होता. नवऱ्यानं आई आणि ठकीला आणून सोडलं आणि तो गाडी लावायला गेला तो जागाच शोधत राहिला. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली, उशी खाली, ठकी शेजारी. ठकीनं मला हात केला. मी नाही केला. उभं राहिल्यावर हात करायचा नसतो.

मी बोलायला लागले. माझा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. शब्द कळतात, पण ते आपल्यासाठी नसतात. चाळीस वर्षं नकाशे. पट्टीशिवाय रेघ. झटका. खिडकीपाशी खुर्ची. आईसमोर मी खिडकी म्हणाले तेव्हा तिनं मान किंचित हलवली, खिडकी खरी होती. आणि मला वाटलं, आत्ता वळता येईल. अजून सगळं खरं आहे. इथून डावीकडं वळलं तर तो जुना पांढरा शर्ट आहे आणि पंचवीस मिनिटं आहेत आणि ही बाई आहे, जी तिसऱ्या रांगेत उशीवर बसली आहे, तिच्याबद्दल बोलता येईल. कोपरा तोच राहील, फक्त त्यात उभा असलेला माणूस बदलेल. पण खरेदीच्या बाईंनी तोंडातलं टोपण काढलं होतं आणि माझा उजवा हात आपला आपण वर निघाला होता, गळ्यापाशी, वरच्या बटणाकडं. हात सवयीचा गुलाम असतो. बाबांचा डावा हात तसा नव्हता.

मी थांबले. एक. खुर्चीची करकर थांबली. दोन. मी आईकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक. ती पुढं झुकली नव्हती, मागं टेकली नव्हती. ती तिथं तशी बसली होती जशी रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसायची, आणि आता माझ्याकडं बघत होती, आणि तिसरं बटण लावून देणार नव्हती. तीन. मी चारही मोजले. पाच. इतकं मी कधी थांबले नव्हते. कुणीतरी नाक ओढलं.

“म्हणाले,” मी म्हणाले, “आता मी तयार.”

टाळ्या फार झाल्या. खरेदीच्या बाई उठून आल्या, त्यांचे डोळे ओले होते आणि त्यामुळं त्या जराशा चिडल्यासारख्या दिसत होत्या. “सोमवारी नमुने घेऊन या. सगळी मापं. आज फार थांबलात तुम्ही त्या ठिकाणी, पण बरं केलंत.” चहाच्या टेबलापाशी बायकांनी आईला गराडा घातला. कुणीतरी तिचा हात हातात घेऊन म्हणत होतं, भाग्यवान हो तुम्ही, असा माणूस आणि अशी मुलगी. आई चहाचा कप सांभाळत म्हणाली, “हो. तसंच म्हणायचे ते. तयार झालो म्हणायचे.” मी बिस्किटांच्या बशीपाशी उभी होते. मला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की बिस्किटावरची साखरही मला तेव्हा एकेक दाणा दिसली.

गाडीत नवरा पुढं, जागेच्या शोधाची कथा रंगवत होता. एका माणसानं म्हणे, मी निघतोय असं सांगून गाडीत बसून सबंध केळं खाल्लं, साल दुमडली, खिशात ठेवली, मग निघाला. ठकी पुढं बसून हसत होती. मी आणि आई मागं. बाहेर दिवे लागत होते. मी हळूच म्हणाले, “आई, तू तसं का म्हणालीस?”

“कसं?”

“बाबा तसं म्हणायचे म्हणून.”

“म्हणायचेच की.” मग जरा वेळानं, खिडकीकडं बघत, “म्हणायचे ना गं? तूच तर सांगितलंस.”

तिनं उशी मांडीवर घेतली होती आणि तिच्या कडेची शिवण चाचपत होती, एक टाका निघालाय का बघत. “तुला खरं सांगू? गेले कित्येक दिवस मला त्यांचा आवाजच आठवत नव्हता. चेहरा दिसतो, हात दिसतो, शीर दिसते ती कपाळाची. आवाज नाही. सकाळी त्या खुर्चीकडं बघत बसते, म्हणते, काहीतरी बोला. कुणाला सांगणार हे? आणि आज तू अशी थांबलीस... आणि म्हणालीस, तेव्हा ऐकू आला बघ. त्यांचाच.” ती हसली. “बटणं मात्र त्यांनी...” असं म्हणून ती थांबली. मी वाट बघितली. तिनं वाक्य पुरं केलं नाही. ते पुढं होतं की संपलं होतं, ते मला कळलं नाही. मी विचारू शकले असते. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

घरी आल्यावर आई म्हणाली, थोडा चहा टाक, तिथला म्हणजे नुसतं गरम पाणी होतं. नवरा तिची उशी घेऊन वर आला आणि ‘तुमच्या या उशीचा नमुनाही सोमवारी द्यायचा का’ म्हणून तिला चिडवून आंघोळीला गेला. मी गॅसपाशी उभी होते. माझ्या पाठीमागं आई खुर्चीवर. आतून ठकी आली तशी मी मान वळवली. तिनं तो निळा शर्ट फ्रॉकवर घातला होता, बाह्या कोपरांच्या खाली लोंबत होत्या, घेर पायांपाशी. ती आईच्या समोर येऊन उभी राहिली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि उजवा हात पाठीमागं नेऊन डाव्या हातानं सगळ्यांत खालच्या चकत्या शोधायला लागली. टक्. “एक,” ती म्हणाली. मग वर. काठ निसटला, पुन्हा. टक्. “दोन.” चहा वर यायला लागला तशी मी पुन्हा गॅसकडं वळले. मी गॅस बारीक केला नाही. मी वळून पाहिलं नाही, पण मला ठाऊक होतं आईचे हात कुठं आहेत. तीन. चार. चहा पातेल्याच्या काठावरून खाली आला आणि ज्योत निळ्याची पिवळी झाली. पाच. सहा. सातला फार वेळ लागला. टक्. मग मी वळले, तेव्हा ठकीनं आपलं नाक पुढं केलं, आणि आईचा हात सावकाश वर आला आणि त्या नाकाला लागला.

“आठ,” आई म्हणाली.

ठकी माझ्याकडं वळली. तिच्या कपाळावर घाम होता. रागावलेली नव्हती, काही शोधून काढल्याचा तोराही नव्हता, शाळेत शिकवलेलं एखादं नातं नीट समजलं नाही की विचारते, तसं तिनं विचारलं, “आई, आपले आजोबा तर खालून लावायचे. मग तुझ्या भाषणातले ते वरून लावतात, ते आजोबा आपले कोण लागतात?”